शेवटचं कनेक्शन

जागा केवढी? दारापासून फाटकापर्यंत
माझी अकरा पावलं, कुंदाची चौदा.
माती म्हणावी तर मुरूम,
मुरूम म्हणावा तर बिल्डरने पुरलेला राडारोडा.
पहारीला आधी फरशीचा तुकडा लागला,
मग कुणाचा तरी चहाचा कप, कानासकट.
पश्चिमेचं ऊन. दुपारी दोननंतर
फाटकाची कडी फडक्याने धरायची.

सून म्हणाली, लॉन लावू.
मी म्हणालो, बरं.
बरं म्हणजे नाही, हे तिला आता कळतं.

मांजरीच्या नर्सरीतला पोरगा विचारतो,
"काका, पाणी किती?"
तीस वर्षं मी महापालिकेचा चावीवाला.
पहाटे चारला रस्त्यातलं झाकण उचलून
अर्ध्या धनकवडीला पाणी सोडलं,
अन् हा मला विचारतो.
"दिवसाआड, चाळीस मिनिटं," मी म्हटलं,
"तेही वरच्यांनी मोटर लावली नाही तर."

त्याने दाखवलं ते सगळं देखणं होतं,
भरजरी साडीसारखं, रोज नेसता न येणारं.
बोगनवेल घेतली असती,
पण ती बघितली की मला दुभाजक आठवतो.
दारात काटे नकोत, असं कुंदाने बजावलेलं.
दोन सदाफुल्या घेतल्या.
गटाराच्या जाळीतही उगवतात त्या,
तरी भाव केला. सवय.

परतताना गाडी आपोआप जुन्या राउंडवर वळली.
कुठली चावी किती आटे, हाताला अजून पाठ आहे:
देवळापाशी सव्वीस,
शाळेपाशी अठरा अन् एक हिसका.
टेकडीच्या पायथ्याशी लाइन संपते.
तिथं शेवटचं कनेक्शन, आगाशेबाई.
मी कितीही सोडलं तरी तिच्या नळाला
आधी नुसती हवा, खाकरल्यासारखी,
मग करंगळीएवढी धार.
तक्रारवहीत सगळी गल्ली होती, ती नव्हती.
फाटकाशी पिवळी कोरांटी,
संक्रांतीच्या आधी अशी फुलायची
की मला वाटे, हिची कुठून तरी चोरटी लाइन असणार.
एकदा खरंच तपासलं, गुडघ्यांवर बसून.
तांदूळ धुतलेलं पाणी घेऊन ती मागे उभी.
म्हणाली, "सापडली तर मलाही सांगा."

आता तिथं पार्किंग. पेव्हर ब्लॉक.
वॉचमनने नाव विचारलं, काम विचारलं.
काय सांगणार?
भिंत अन् फरशी यांच्या फटीत होती ती, वीतभर,
धुळीने राखाडी, वाळकी बोंडं धरून.
चार खुडली, शर्टाच्या खिशात टाकली.

कात्रजच्या सिग्नलला
खिशात काहीतरी टिचकलं.
मग पुन्हा.
उन्हाने बोंडं फुटत होती, बरगडीला लागून.
मी खिसा दाबून धरला,
शेजारचा रिक्षावाला घाबरून म्हणाला,
"काका, बरं वाटतंय ना?"

कुंदाने खिसा ताटलीत उलटा केला.
सात चपट्या बिया, एक जुनी पावती.
"हिला काटे असतात," ती म्हणाली.
"असतात."
ती आत गेली. कुकरला लावायचे तांदूळ धुतले,
पाणी मोरीत ओतलं,
अन् रिकाम्या पातेल्याकडे बघत
जीभ चावली.