अर्धी गोळी

पहिला आठवडा अर्धीच द्या, डॉक्टर म्हणाल्या.
सातपूरच्या कारखान्यात मी व्हर्निअर धरते,
बुशचा व्यास दोन शतांश मिलिमीटरने चुकला
तर लाल क्रेटमध्ये टाकते, हात थरथरत नाही.
आणि ही एवढीशी गोळी, मसुरीएवढी,
ब्लेडखाली दोनदा भुगा झाली.
तिसरी तुटली, पण सारखी नाही.
मोठा अर्धा द्यावा की लहान?
गॅसवर दूध उतू गेलं, तेव्हा कुठे ठरलं:
लहान.

कॅनडा कॉर्नरच्या एकाच दुकानात मिळाली ती.
दुकानदाराने चिठ्ठी ठेवून घेतली, वहीत पत्ता लिहिला,
पेशंटचं वय विचारलं
आणि आठ ऐकून पेन जरासं उचललं.
तेवढ्यात मी त्याला सगळं सांगितलं असतं,
डायरीतले लाल शेरे, बाकाखालचं रांगणं,
वर्गातल्या वाढदिवसांची बंद झालेली बोलावणी.
तो म्हणाला, सुटे आहेत का?

सासरे म्हणतात, पोराच्या अंगात पारा असायचाच.
चुलत सासूबाई म्हणतात, त्र्यंबकला शांत करून घ्या,
खर्च माझा.
शेजारच्या खैरनारबाईंनी ब्राह्मीचं सरबत आणून दिलं.
ते मीच प्यायले, वाया कशाला.
नवरा काही म्हणत नाही.
रात्री मोबाइलच्या उजेडात
गोळीबरोबर आलेला कागद वाचतो,
दुष्परिणामांच्या यादीवर बोट ठेवून, ओळीओळीने.
लग्नापासून त्याने तीन हेल्मेटं हरवली आहेत,
किल्ल्या किती, त्याचा हिशेब नाही.
दोघांनाही कळलंय. बोलत कुणीच नाही.

बारशाला आत्याने कानात कुर्र करून
नाव ठेवलं तन्मय.
आठ वर्षं तो कशातच तन्मय झाला नाही,
किंवा एकाच वेळी सगळ्यात झाला.

पपया नर्सरीच्या सिग्नलपासून शाळेच्या फाटकापर्यंत
रोज त्याची बडबड माझ्या पाठीवर आदळते:
द्राक्षांच्या ट्रकला चाकं किती,
पांडवलेणीत पांडव राहायचे तर त्यांची शाळा कुठे,
आई कुत्रं, आई तो माणूस झोपलाय का,
आई, आई, ऐकतेस ना.
त्या सकाळी सिग्नलला मागे काहीच नाही.
दचकून आरशात पाहिलं, पडला की काय.
बसला होता.
झाडं बघत होता, एकेक.
मला हायसं वाटायला हवं होतं.
मी गाडी कडेला घेतली,
उगाच उतरून टायर दाबून पाहिला.

रजा टाकून घरीच थांबले. काही सुचलं नाही.
दुपारी डबा परत आला, भेंडी तशीच,
पोळीचा एक तुकडा मोडलेला.
वहीत मात्र सात ओळी,
सातवीसुद्धा समासाच्या आत.
आणि तो म्हणाला, अगदी सहज, मोजे काढता काढता,
आज वर्गात पंख्याचा आवाज नव्हता.
बंद होता?
नाही गं, फिरत होता.

मी डबा धूत राहिले, धुऊन झाल्यावरही.
पंखा, बाहेरची रिक्षा, मागच्याची पेन्सिल
आणि बाईंचा आवाज,
सगळं एकाच मोठ्या आवाजात ऐकत बसला असेल हा
एवढी वर्षं.
मी विचारलं ते एवढंच,
लक्ष कुठे असतं तुझं?

तीनला उतरली असावी.
चपलेचा बंद निघाला म्हणून अर्धा तास रडला,
मग ओट्याला टेकून, एक पाय दुसऱ्यावर ठेवून,
तूपगुळाशी चार पोळ्या खाल्ल्या
आणि तोंडात घास असतानाच,
आई, द्राक्षांच्या ट्रकला चाकं किती?
दहा, मी म्हटलं. की बारा.
मोजलीच नव्हती कधी.

रात्री मोठा अर्धा
वाटीखाली झाकून ठेवला, उद्याचा.
मुंगी लागेल म्हणून
दोनदा उठून बघितला.