शिवण बाहेरच्या बाजूला

बत्तीस वर्षं डिचोलीत मशीन चालवते मी.
दशावताराचे राजे माझ्याच दुकानातून जातात,
जरीचे, टिकल्यांचे, बुकरम घालून ताठ केलेले.
रात्रभर मानेला काचत असेल त्यांच्या.
एकानेही कधी सांगितलं नाही.

सांगितलं ते तन्वेशने.
सहा वर्षांचा. बोलणं मोजकं.
आला तोच कानांवर हात ठेवून,
मी पायडल थांबवलं तेव्हा हात खाली आले.
सुलक्षा, त्याची आई, म्हणाली,
शिगम्यात घोडेमोडणीचा घोडा व्हायचंय याला.
गेल्या वर्षी विकतचा आणला होता,
बसस्टँडपर्यंतही टिकला नाही.
भर रस्त्यात अंगावरचं सगळं भिरकावलं पोराने
आणि लोक बघत राहिले, ते माझ्याकडे.

नमुन्याची बाही चढवली त्याला.
'चाबता.'
कुठे रे?
त्याने बोट ठेवलं ते नेमकं तिथे,
जिथे मी दोरा तोडून गाठ तशीच सोडली होती,
आत कोण बघतंय म्हणून.

त्या रात्री माझाच ब्लाऊज उलटा करून पाहिला मी.

नवं कापड घेतलंच नाही.
त्याच्या आजोबांचं धोतर मागवलं,
धुऊन धुऊन असं झालेलं
की हातात आहे की नाही कळेना.
शिवण सगळी बाहेरच्या बाजूला.
हुक नाही, नाडी नाही, गळा सैल.
फेटा बापाच्या जुन्या बनियनचा.
घोड्याचं तोंड लाकडाचं असतं, मी कापूस भरला.
माळ अबोलीची,
तिला वास नसतो हे किती बरं,
एरवी त्याच कारणासाठी मी तिला नावं ठेवायची.

त्याला वजन आवडतं म्हणे,
मे महिन्यातही दोन गोधड्या लागतात अंगावर.
मग घेरात कप्पे पाडले
आणि पाव किलो चिंचोके शिवले आत.

अडलं ते घुंगरांशी.
घुंगरांशिवाय घोडेमोडणी कसली?
तीन दिवस ती माळ खुंटीवर लोंबत राहिली.
शेवटी चिमट्याने एकेकाचं तोंड उघडून
आतला खडा काढून टाकला.
साठ घुंगरं, मुकी.
खडे डबीत ठेवलेत,
कधी हवेसे वाटले तर.

मिरवणुकीत तो गेलाच नाही.
पहिला ढोल वाजला तसा नाक्यावरून मागे फिरला.
मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू,
एवढ्या चिंचोक्यांचं.

बुधवारी सुलक्षा आली, उरलेले पैसे घेऊन.
'काढतच नाही हो.
शाळेतून आला की घोडा, जेवताना घोडा,
मागच्या अंगणात काजूच्या बोंडांवरून उड्या,
काल तर झोपलासुद्धा तसाच.
अजून एक शिवा,
हा धुवायचा कधी?'

परवा पेडण्याहून राजा आला माप द्यायला,
पन्नाशीचा, पल्लेदार आवाजाचा.
टेप त्याच्या खांद्यावर टाकत
मी सहज विचारलं,
कुठे चावतं?

तो हसला. मग दाराकडे बघितलं त्याने,
कुणी नव्हतं,
आणि हळूच कॉलर खाली ओढली.