उलटी बाजू

एर्मेलिंदबाय जाताना चावी देऊन गेली
आणि बलकांवातल्या सात कुंड्या.
"पदेराला पाव बंद सांगितलाय.
नेचे तू बघ, मेस्ता."
मी शिंपी. मला काठ कळतात, झाडं नाही.

रिक्षात बसता बसता तिने एवढंच सांगितलं:
सुकलेली झावळी मधेच कापायची नाही,
अर्ध्या बाहीसारखी लोंबत राहते.
हात आत घाल, मातीपर्यंत,
देठ निघतो तिथे एकदाच काप.
वळलेले कोंब मात्र जप.
ते उलगडतील ताग्यासारखे, आपल्या सवडीने.

कापडाची कात्री मी झाडाला लावत नाही,
बायकोला कोथिंबिरीसाठीसुद्धा कधी दिली नाही.
शिकाऊ असतानाची एक होती, नाक मोडलेली.
म्हापशाच्या शुक्रवारात तिला धार लावून आणली
आणि दर कुंडीनंतर पुसली
एर्मेलिंदबायच्या कपाटातल्या काजूफेणीने.
स्पिरिट चाललं असतं. पण फेणी हाताशी होती.

तिसऱ्या कुंडीत पिठ्या ढेकूण निघाला,
देठाच्या बेचक्यात कापूस अडकावा तसा.
कान कोरायच्या काडीने त्यालाही फेणी पाजली.
वास पार रस्त्यावर गेला.
समोरचा कायतान फाटकाशी येऊन म्हणतो,
"एकटाच, मेस्ता?"

पाचव्या कुंडीपाशी मी घाबरलो.
पान उलटं केलं तर तपकिरी ठिपके, शेकड्यांनी.
अंगाच्या साबणाचं पाणी केलं,
कडुनिंबाच्या तेलाचे चार थेंब,
आणि जुन्या मलमलीने पान न् पान पुसत
आठवडाभर बसलो,
ऊन चर्चमागे गेलं की काळोख होईस्तोवर.
ठिपके निघेनात.
निघाले तिथे पान सोललं.

रविवारी स्विंडनहून फोन आला.
सांगितलं. ती हसली, मग खोकली, मग परत हसली.
"आधी बसलेत कसे ते बघायचं रे.
वाटेल तिथे बसतं, चिकट लागतं,
नखाने उचकटतं, ते खवले.
काठापासून अंतर राखून बसलंय
ते त्याचं बियाणं.
किडीला रांग येत नाही."

दिवा लावून पान परत उलटं धरलं.
मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना
सरळ धावदोरा, टाक्यामागे टाका,
माझ्या हाताला आता जमत नाही इतका सारखा.
चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो:
शिवण बघायची तर कापड उलटं करा.

परत कधी येणार ते तिने सांगितलं नाही,
सातव्या कुंडीचं मी सांगितलं नाही.
तिच्यात खरेच खवले होते, देठ न् देठ भरलेला.
सगळी मातीपर्यंत उतरवली,
कापलेलं घराबाहेर नेऊन जाळलं.

आज तिच्यात मधोमध
केसाळ, गुंडाळलेलं काहीतरी,
शर्टाच्या काजाएवढं.
गळ्यातली टेप काढून मोजलं.
पाव इंच.
थोडं वाढू दे. मग सांगेन.