डावीकडून, बहुतेक

सुभेदारांनी गाडी दिली चारशे वीस रियालला
आणि वर म्हणाले, बाकी काही नाही, थोडी बोलते.
मग शुक्रवारच्या विमानाने ते कायमचे संगमनेरला गेले
आणि गाडी आमच्याशी बोलायला लागली.

सत्त्याण्णवची करोला. तीन लाख चाळीस हजार किलोमीटर.
एकशेवीसच्या पुढे टिंग टिंग करते, ते कंपनीनेच बसवलेलं.
त्या एका आवाजाचा पत्ता माहीत होता.
बाकीचे बेवारस.

खुळखुळ निघाली ॲशट्रेत : खजुराच्या सात बिया.
किणकिण म्हणजे माझाच किल्ल्यांचा जुडगा,
त्यात डोंबिवलीच्या एका कुलपाची किल्ली.
कुलूप विकलं, दारासकट.
मागच्या सीटचा रिकामा पट्टा
दाराच्या प्लास्टिकवर टकटक करायचा
परीक्षेच्या हॉलमधल्या कंटाळलेल्या मास्तरासारखा.
मृणालने त्याला माझा जुना मोजा घातला.

वादी कबीरला, डोंगराच्या पायाशी, दादमुरादचं गॅरेज.
तो विचारतो, आवाज कैसा है?
आता घरघर, खरखर, कुरकुर, करकर
यांतला फरक मी एका बलुची माणसाला
हिंदीतून कसा सांगणार?
तोंडानेच काढून दाखवले सगळे,
भर गॅरेजात, टाय लावून,
मी, वय एकावन्न, हिशेब विभाग.
तो डोळे मिटून ऐकत राहिला.
मग लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं,
मूठ कानाला,
शेजारच्या खोलीतलं भांडण ऐकावं तसा.
म्हणाला, कुरकुर रबराची. करकर उन्हाची, ऑक्टोबरात जाईल.
सायलेन्सरच्या पत्र्याला एक क्लिप ठोकली, दोनशे बैसा.
पण खुट्?

खुट् त्याच्यापुढे येईना.
ती फक्त गतिरोधकावर, फक्त दिवेलागणीनंतर,
फक्त आम्ही दोघंच असलो की.
बाहेरच्यापुढे शहाणी.

शेवटी मृणाल म्हणाली, मी डिकीत झोपते, तू चालव.
बॅटरी घेतली, उशी घेतली.
कुरुमच्या मागच्या रस्त्याने मी ताशी वीसने,
ती आतून ओरडते, डावीकडे! अजून एकदा घे! डावीकडे!
आणि समोर पोलिसाने हात केला.

जेमतेम बाविशीचा पोरगा. डिकी उघडायला लावली.
केस विस्कटलेली माझी बायको उशीवरून म्हणाली, आवाज. साउंड.
त्याने विचारलं, सौत?
ती ताडकन उठून बसली.
सवत? कुठली सवत?

अरबीत आवाजाला असंच काहीसं म्हणतात,
हे तिला सांगायला मला पाच मिनिटं लागली,
आणि हसू आवरायला त्याला दहा.
त्याच्या वडिलांच्या डॅटसनमध्येही होती म्हणे एक,
पुढे डॅटसनबरोबरच गेली.
दंड नाही. फक्त मॅडमना पुढे बसवा.

त्या रात्रीपासून घरात खुट्चं नाव सवत.
आज बोलली का तुझी?
दोनदा. हमरियाला.

आठवड्याने दादमुरादने मागच्या डाव्या दाराचं अस्तर सोललं.
तळाला, धुळीत, एक बोल्ट.
तळहातावर फिरवून फिरवून पाहिला.
या गाडीचा नाही, म्हणाला,
टोयोटाचाच नाही. आत गेला कसा, अल्लाला ठाऊक.

मी संगमनेरला फोन केला, सुभेदार, सापडली.
कोण, असं त्यांनी विचारलं नाही.
खरंच? म्हणाले. मग बराच वेळ काही नाही.
मी नऊ वर्षं रेडिओ मोठा करत राहिलो हो.
इथे विजेची स्कूटर घेतलीय. चक्कार शब्द बोलत नाही.

बोल्ट आता डॅशबोर्डच्या खणात, कागदात गुंडाळलेला.
घरी येताना गतिरोधक गेले, एकामागून एक, मुकाट.
मृणाल खिडकीबाहेर बघत होती, मी आरशात.
दारसैतच्या चढावर गिअर बदलला
आणि कुठूनशी, अगदी बारीक, दाताखालच्या वाळूइतकी—

ऐकलंस?
उजवीकडून, मृणाल म्हणाली.
मला वाटतं डावीकडून. बहुतेक.

उशी अजून मागच्या सीटवरच होती.