पायथ्याची दोरी

डाव्या ताटलीत वसाहती लालसर,
डाळिंब फोडून ठेवल्यासारख्या.
उजवीत पांढऱ्या, किरट्या, खसखशीएवढ्या.
यीस्ट तेच, पावाचं, आंबूस वासही तोच.
मी फक्त एक जनुक काढून घेतलंय.

केरबा मामा धुवायच्या ताटल्या न्यायला आले,
उजवीत डोकावून म्हणाले,
"हे कामून खुरटले मॅडम? खाया भेटंना का?"
भेटतंय. साखर भरपूर आहे,
साखरेवर तगतात ही.
श्वास लावून जगता येत नाही, एवढंच.

एवढंच, असं म्हणून गेले
आणि मग माझं मलाच कसंतरी झालं.
सूक्ष्मदर्शकापुढचं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

चष्मा कपाळावर ढकलून ते वाकले.
धड पेशीत, कातडीच्या अगदी आतून,
तंतूंचं जाळं पसरलेलं,
जाळ्यात ठिकठिकाणी निळे ठिपके.
एकेक ठिपका डीएनएचा पुंजका,
आठ प्रथिनांची कृती त्यात, फक्त आठ.
बाकीची हजारभर बाहेरून येतात, केंद्रकाच्या हुकमानं,
पण या आठांवाचून चूल पेटत नाही.

"आन् हिकडं?"
इकडं जाळं नाही.
दोन-तीन फुगलेले गोळे, एका कडेला.
केंद्रकाचा मोठा निळा डाग आहे,
बारीक ठिपके
नाहीत.

मामा बराच वेळ डोळा काढेनात.
"बाज हाय ही," म्हणाले.
"आमचा बाप इणायचा, कंधारकडं, केकताडाच्या दोरीनं.
पायथ्याची दोरी सुटली ना मॅडम,
की समदी ईण झोळ धरती.
मंग उशी, वाकळ, लेकरू,
समदं मधी गोळा."

पाच वर्षं मी त्या प्रथिनाची चित्रं काढतेय:
बाहेरच्या पडद्यात रुतलेलं,
शेजारच्या पडद्याला धरून बसलेलं.
त्याला धड नावसुद्धा नाही,
तीन अक्षरं आणि एक आकडा.

नऊ वीसला लाइट गेली.
यूपीएस टीटी करत राहिला, मग तोही दमला.
विष्णुपुरीच्या बाजूला एकही दिवा नव्हता.
फ्रीझरचं दार कुणी उघडू नये म्हणून
मी त्याला पाठ लावून उभी,
आत माझी सगळी वाणं, उणे ऐंशीला.

अंधारातून मामांनी विचारलं,
"दोरी परत बांधली तर?"

बांधली होती.
मागच्या महिन्यात जनुक परत दिलं,
आणि जाळं उलगडलं, मामा,
होतं तसंच, कडेपर्यंत, ताठ.
मी कँटीनमधून अख्ख्या लॅबला भजी आणली होती.
दुसऱ्या दिवशी निळा रंग घालून पाहिलं.
बाज कसलेली.
बाजेवर कुणीच नाही.

दोरी तोल धरते,
निसटलेलं आणून देत नाही.

"मंग संपलं म्हणायचं?"
नाही. एक धड पेशी शेजारी आणून ठेवायची,
विरुद्ध जातीची. दोघी मिसळून एक होतात,
आणि तिचे ठिपके
हळूहळू इकडच्या जाळ्यात सरकतात.
जाळं असेल तर.

मामा अंधारात हसले.
"म्हंजी सोयरीक."
सोयरीकच.

लाइट आली तेव्हा फ्रीझर आधी कण्हला,
मग गुणगुणायला लागला.
मामांनी डावी ताटली बादलीत टाकली,
उजवी उचलली, खाली ठेवली.
"ही ऱ्हाऊ द्या," स्वतःच म्हणाले,
आणि बादली घेऊन पाय ओढत गेले.

वहीत आजच्या तारखेखाली
तीन अक्षरं, एक आकडा.
त्यांच्यापुढं मी पेन्सिलीनं लिहिलं: पायथ्याची दोरी.
सर खोडतील.
सध्या तीस अंश, ताटली उपडी.
सकाळी मोजायचंय.