अकरा मिनिटं

विट्याच्या बाबालाल तांबोळीनं सिनेमा काढला होता,
लग्नाच्याच कॅमेऱ्यावर, मुहूर्त नसतील त्या रविवारी.
नाव ‘पावणेआठची म्हैस’.
म्हैस पावणेआठलाच दूध देते, एरवी थेंब नाही,
आणि एक दिवस नाहीशी होते. बास, एवढीच गोष्ट.
हिरो आटपाडी डेपोचा कंडक्टर.
हिरोईन परवडली नाही.

वैशाखात माझं लग्न निघालं.
गडबडीत बाबालालनं भलतीच कॅसेट घातली
आणि सिनेमाच्या ऐन मध्यात मी उभी राहिले,
अंतरपाटाच्या अलीकडं, शिंक दाबत.
अकरा मिनिटांनी त्याला चूक कळली.
पुढचं लग्न कुणी टिपलंच नाही.

त्या एका कॅसेटवरून निघाल्या सगळ्या कॅसेटी.
गलाईवाले घेऊन गेले सेलमला, कोचीला, गुवाहाटीला.
रात्री भट्टी विझली की दुकानाच्या माळ्यावर लावायचे.
म्हैस हरवते. कंडक्टर टेकडीवर चढतो, हाक मारतो,
आणि एकदम सनई,
हळदीच्या हातांची मी,
डोळ्यांवर मुंडावळ्या आलेला पोपट,
जांभई देणारा ताशेवाला,
आणि मग काहीएक न सांगता
म्हैस बँकेच्या गच्चीवर.

लोकांनी अर्थ लावले.
कुणी म्हणे नवरी हीच म्हैस, शाप आहे तिला.
कॉलेजातले एक सर म्हणाले, हे मुद्दाम केलंय,
यात व्यवस्थेवर टीका आहे.
बाबालाल पान लावता लावता म्हणाला, हो, आहे की.

पोपटबरोबर मी कोइमतूरला गेले.
पहिल्याच दिवशी समोरच्या दुकानातला
लेंगऱ्याचा पोरगा मला बघून ओरडला,
“वैनी, म्हैस कुठाय?”
त्या गल्लीत मी पंचवीस वर्षं नवरीच राहिले.

“सायेब, म्हैस वर गेली.”
“अरारा. देवाघरी?”
“न्हाई. बँकेवर.”
ही तीन वाक्यं आम्ही कशालाही लावायचो.
सोन्याचा भाव वर गेला? बँकेवर.
जावेची पोरगी वरच्या वर्गात गेली? बँकेवर.
म्हणून त्या पहाटे दवाखान्यातून दिराचा फोन आला,
“वैनी, दादा वर गेला,”
तर माझ्या तोंडून निघूनच गेलं.
बँकेवर?

पलीकडून बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग दीर हसला की रडला,
अजून विचारलेलं नाही मी.

आता बाबालालही नाही.
त्याच्या यास्मिनला पेटीत कच्चं शूटिंग सापडलं.
माझ्या भाच्यानं, ऋतुराजनं, कॉम्प्युटरवर सगळं जोडलं,
माझा डाग काढला, सिनेमा स्वच्छ केला,
आणि नगरपालिकेच्या हॉलात लावला.
दोनेकशे माणसं. काही तर सेलमची गाडी धरून आलेली.

म्हैस हरवली. कंडक्टर टेकडीवर चढला. हाक मारली.
सनई वाजलीच नाही.
वाळूचा ढीग दिसला, बँकेच्या बांधकामाचा.
म्हैस त्यावरून वर चढली.
सावकाश.
मध्ये थांबून शेण टाकलं, पुन्हा चढली.
इतकंच होतं ते, इतकी वर्षं.

मागून कुणीतरी ओरडलं, “लग्न कुठाय?”
मग सगळा हॉल. शिट्ट्या, खुर्च्या, पायांचा दणदणाट.
ऋतुराज माझ्याकडं बघायला लागला.
पिशवीत जुनी कॅसेट होती, का आणली होती कोण जाणे.
यास्मिननं टेबलाखालून बापाचा व्हीसीआर काढला,
म्हणजे तिलाही अंदाज असावा.

मुंग्या, मुंग्या, मग सनई.
पोपट मुंडावळ्या बाजूला सारतो
आणि चार सेकंद सरळ कॅमेऱ्यात बघतो,
दाढी करताना कापलेलं, त्यावर कापूस तसाच.
लोक तिथं नेहमीच हसतात.
मी पण हसले.

भटजी हात वर करतात,
सावधान म्हणायला तोंड उघडतात,
पण आमचं लग्न लागलेलं आजवर कुणी पाहिलेलं नाही.
अक्षता मुठीतच राहतात.
म्हैस गच्चीवर.