लोरेन्सोची विधवा

ब्रँडचं नावच तसं: विउदा दे लोरेन्सो.
लोरेन्सोची विधवा. पट्टीवर तिचं चित्र,
डोक्यावर काळी जाळी, हातात तंबाखूचं फूल.
एकशे तीस वर्षं झाली,
बाई हसत नाही आणि रडतही नाही.
ला पाल्मा बेटावर तिच्याच कारखान्यात
अठराव्या वर्षी मी कामाला लागले.

खिडक्यांना ओलं गोणपाट, पानं तडकू नयेत म्हणून.
त्रिपा म्हणजे आतडी, ती मुठीत गोळा करायची.
कापोते म्हणजे जाडा कोट, तो वरून आवळायचा.
कापा म्हणजे अंगावरची शाल,
ती ताणायची, पण फाटू द्यायची नाही.
"पोट जास्त भरलंस तर श्वास कोंडेल,"
शेजारच्या बाकावरून फिदेला सांगायची,
"कमी भरलंस तर नुसताच जळेल."
माणसांचंही तसंच असतं, असं काही ती म्हणाली नाही.
तिला वेळ नव्हता. दिवसाला शंभर वळायचे असत.

लग्नाच्या वर्षी एवेलियोने एक पेटी घेतली,
देवदाराची, पंचवीस नग.
तळाला पेन्सिलने तारीख टाकली.
"लगेच ओढू नकोस," मी म्हटलं,
"अजून अमोनिया आहे, नाकात तबेला भरेल."
तो बंदरावर कस्टमचा कारकून.
थांबणं आणि थांबवणं, दोन्ही त्याला यायचं.

दर सान होसेच्या सणाला पेटी उघडायची,
खालची रांग वर, वरची खाली.
कोपऱ्यात ओल्या स्पंजची वाटी.
लाकडाला बोट लावून तो डोळे मिचकावायचा,
"इथे पाणी मुरतंय."
आणि मुरत होतंच, काहीही काळंबेरं नसताना.

तिखटपणा तिसऱ्या वर्षी गेला.
नवव्या वर्षी पानांवर पांढरी भुकटी आली.
बुरशी की बहर, यावरून तो आणि माझा भाऊ
आठ दिवस बोलत नव्हते.

एक मुलगी झाली तेव्हा. एक कर्ज फिटलं तेव्हा.
एक आई गेली त्या रात्री, अर्धाच.
बाकीच्यांची कारणं मला आठवत नाहीत,
त्यालाही कारण लागायचंच असं नव्हतं.
ज्वालामुखी फुटला त्या शरदात
छतावर वीतभर राख. त्याने एक काढला,
कानाशी धरून हलकेच दाबला, परत ठेवला.
म्हणाला, "आज धूर पुरेसा आहे."

फेब्रुवारीत तो गेला. उरले तीन.

हॅम्बुर्गहून एक गृहस्थ आला, पांढरे हातमोजे घालून.
चामडं लागतं का जिभेला, जायफळ, कोको?
मला काय ठाऊक. एक्केचाळीस वर्षं वळले,
ओढला एकही नव्हता.
आचाऱ्याची भूक मरते तसं काहीतरी.

त्याला दाखवायला तिन्ही उजेडात धरले
आणि तेव्हा दिसलं:
दोघांची शाल उलट्या बाजूने गुंडाळलेली.
कारखान्यात डावखुरी मी एकटीच.
पन्नास वर्षं हा दुसऱ्यांचे ओढत होता,
माझे मागे सारत.
किंवा नसेलही. वरखाली करताना
राहून गेले असतील तळाशी.
विचारायला हवं होतं, पण काय विचारणार,
मलाच माहीत नव्हतं मी त्या पेटीत आहे.

तिसरा फिदेलाचा असावा, डोकं तिच्यासारखं टोकदार.
तो विकला. घासाघीस करून. पावतीही दिली.

संध्याकाळी अंगणात, लिंबाखाली,
लाकडी काडीने पेटवला, जसं तो पेटवायचा,
ज्योत न टेकवता, दुरून, फिरवत.
पट्टी ओढून काढायची नसते,
गरम झाली की डिंक आपणहून सोडतो.
विधवा माझ्या मांडीवर पडली, चित्राची बाजू खाली.
राख बोटभर झाली तरी गळेना.
चांगला वळला होता, कुणीही म्हणावं.

कुंपणापलीकडून कँडिडा ओरडली,
"ओतिलिया, काही जळतंय का गं?"
"हो," मी म्हटलं, "एकोणीसशे त्र्याहत्तर."
मग असा ठसका लागला
की ती पाणी घेऊन धावत आली.